सामाईक वाहिनीचा न्याय : आभासी नेटवर्कमधील बँडविड्थचे वाटप

कोल्हापुरातल्या अनेक पतसंस्था, कारखाने आणि महाविद्यालये यांचे सर्व्हर आता कोल्हापुरात नाहीत. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथून क्लाउड सेवा सुरू केली, अ‍ॅमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत केंद्र उघडले, पुढच्या वर्षी गूगलही मुंबईत आले. शाहूपुरीतल्या काउंटरवर नोंदवलेली पावती त्यानंतर पुण्याच्या किंवा मुंबईच्या यंत्रावर उमटू लागली. ते यंत्र एका संस्थेच्या मालकीचे नसते. एका पेटीत अनेक आभासी यंत्रे चालतात, प्रत्येकाचा भाडेकरू वेगळा, आणि सगळ्यांची ये-जा मात्र त्याच एका नेटवर्क कार्डातून आणि त्याच एका केबलमधून होते. जी संस्था स्वतःच्या आवारात सर्व्हर ठेवते तिच्याकडेही चित्र फारसे निराळे नाही. परीक्षा विभाग, ग्रंथालय, वसतिगृह आणि सुरक्षेचे कॅमेरे एकाच लीज लाइनवर असतात आणि त्यांच्यातली विभागणी आभासीच असते.

नेट मंद झाले की आपल्याकडे ठरलेला उपाय म्हणजे मोठी लाइन घेणे. हा उपाय पुष्कळदा फुकट जातो, असे माझे ठाम मत आहे. वाढवलेली बँडविड्थ आधी जो सर्वांत जास्त ओढत होता त्याच्याकडेच बहुतांशी जाते. ज्याचे काम अडले होते त्याच्या वाट्याला तिचा लहानसा तुकडा येतो. वाटपाचा नियम आधी ठरवायचा असतो, आणि तो ठरवताना पहिला प्रश्न असतो समान कोणाला मानायचे हा. या विवेचनाचा बराचसा भाग त्या एका प्रश्नाभोवती फिरतो.

नेटवर्कचे वाटप वेगळे का

प्रोसेसरचा वेळ आणि मेमरी यांचे वाटप तुलनेने सोपे आहे. दोन्ही गोष्टी एका पेटीच्या आत असतात आणि हायपरव्हायझर हा एकच कारभारी त्यांचा हिशेब ठेवतो. ८ गिगाबाइट मेमरी दिली म्हणजे दिली, शेजारचा भाडेकरू कितीही धडपडला तरी ती त्याला घेता येत नाही. नेटवर्क मात्र एका पेटीत मावत नाही. पाठवणारे यंत्र एका पेटीत, घेणारे दुसऱ्या पेटीत, मध्ये चार-पाच स्विच, आणि वाटेतल्या प्रत्येक दुव्यावर वाटेकरी वेगळे. पाठवणाऱ्याच्या दारी मोकळीक असली तरी घेणाऱ्याच्या दारी गर्दी असू शकते, दोन्ही दारे मोकळी असली तरी मधला दुवा तुंबलेला असू शकतो. म्हणून बँडविड्थचे आश्वासन एका ठिकाणी बसून देता येत नाही.

दुसरी अडचण मधल्या दुव्यांची. एका रॅकमध्ये प्रत्येकी १० गिगाबिटचे ४० सर्व्हर आहेत असे धरा. सगळे मिळून ४०० गिगाबिट पाठवू शकतात. रॅकमधून वर जाणाऱ्या केबल ४० गिगाबिटच्या चारच असतील तर बाहेरची वाट १६० गिगाबिटची झाली, म्हणजे अडीचास एक. असे करण्यात फसवणूक नाही. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेगाने बोलत नाहीत या अनुभवावर ती रचना उभी असते आणि तिच्यामुळेच भाडे परवडते. पण ज्या क्षणी अनुभव खोटा ठरतो त्या क्षणी कोणी मागे सरायचे, हे रचना स्वतः सांगत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आभासी नेटवर्क म्हटले की भाडेकरू एकमेकांपासून पूर्ण अलग झाले असे वाटते. जुन्या व्हीलॅन पद्धतीत ओळखक्रमांकाला १२ बिट असतात, त्यामुळे ४,०९४ जाळीच वेगळी करता येतात. ऑगस्ट २०१४ मध्ये आरएफसी ७३४८ या क्रमांकाने प्रसिद्ध झालेल्या व्हीएक्सलॅनने तो क्रमांक २४ बिटांचा केला आणि १ कोटी ६७ लाखांहून अधिक जाळी शक्य झाली. एका भाडेकरूचे पॅकेट दुसऱ्याला दिसत नाही, दोघांनी एकच पत्ता वापरला तरी गोंधळ होत नाही. हे सगळे पत्त्यांचे अलगीकरण आहे. वेगाचे अलगीकरण त्यातून आपोआप होत नाही. लाखो निरनिराळी जाळी एकाच केबलवर एकमेकांना ढकलत राहू शकतात, आणि ती तशी ढकलतात.

समान कोण?

काहीच नियम लावला नाही तर वाटप कोण करतो? टीसीपी करते. गर्दी झाली, पॅकेट गळले, की प्रत्येक जोडणी आपला वेग कमी करते आणि मग हळूहळू वाढवत नेते. समान अंतरावरच्या जोडण्या या पद्धतीने ढोबळमानाने समान वेगावर येतात. म्हणजे टीसीपीच्या लेखी न्यायाचे एकक आहे जोडणी. १ गिगाबिटच्या लाइनवर एका विभागाने १ आणि दुसऱ्याने ९ जोडण्या उघडल्या, तर पहिल्याला सुमारे १०० मेगाबिट मिळतील आणि दुसऱ्याला ९००. नियम कोणीही मोडलेला नाही. डाउनलोड वेगाने व्हावे म्हणून एकाच फाइलसाठी आठ-दहा जोडण्या उघडणारी सॉफ्टवेअर याच फटीतून आपला वाटा वाढवून घेतात. ज्यांना गर्दीची पर्वाच नाही असे यूडीपीचे प्रवाह तर टीसीपीच्या या सौजन्यातही सामील नसतात.

कोल्हापूरच्या वाचकाला हा प्रश्न नदीकाठावरून लगेच कळेल. उन्हाळ्यात राधानगरी धरणातून सोडलेले पाणी भोगावतीतून पंचगंगेत येते, वाटेत कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर अडते, आणि दोन्ही काठांवरच्या खासगी मोटारी आणि सहकारी पाणीपुरवठा संस्थांचे पंप ते उचलतात. पाणी कमी पडू लागले की जलसंपदा विभाग उपसाबंदी लावतो. बंदी नसती तर ज्याच्या मोटारी जास्त त्याच्या शेतात पाणी जास्त गेले असते. आता समान वाटप करायचे म्हटले तर कशामागे समान? मोटारीमागे समान वाटले तर दहा मोटारी बसवणारा दहा वाटे नेतो. शेतकऱ्यामागे वाटले तर एक एकरवाला आणि तीस एकरवाला सारखेच पाणी नेतात, आणि मोठ्या खातेदाराला जमीन चार नावांवर करायचा मोह होतो. एकरामागे वाटले तर हिशेब चोख होतो, पण टंचाईत लहान शेतकऱ्याचा वाटा इतका बारीक होतो की तेवढ्यात त्याचा ऊस जगत नाही. तिन्ही वाटण्यांना समान म्हणता येते. मोटारीच्या जागी टीसीपीची जोडणी, शेतकऱ्याच्या जागी भाडेकरू आणि एकराच्या जागी त्याने भरलेले पैसे ठेवा, की आभासी नेटवर्कमधला वाद जसाच्या तसा समोर येतो.

जोडणी हे एकक वाईट, म्हणून अभ्यासकांनी अन्य एकके तपासली. पाठवणारे यंत्र हे एकक धरले तर घेणाऱ्याच्या दारात अन्याय होतो, कारण ज्याला दहा यंत्रे पाठवत आहेत तो दहा वाटे घेतो. पाठवणारा आणि घेणारा यांची जोडी हे एकक धरले तर अनेकांशी बोलणारा भाडेकरू जोड्या वाढवून वाटा वाढवतो. यंत्र हे एकक धरले तर मोठ्या एका यंत्राऐवजी चिमुकली दहा यंत्रे घेण्याला बक्षीस मिळते. फसवता न येणारे एकक एकच उरते, ते म्हणजे ज्याच्या नावावर करार आहे तो भाडेकरू. संस्थेच्या आतल्या जाळ्यात तीच जागा विभागाला द्यावी.

एकक ठरले की समान वाटपाचे गणित जुने आणि पक्के आहे. त्याला कमाल-किमान न्याय म्हणतात. ज्याला सर्वांत कमी मिळते त्याला शक्य तितके जास्त द्यायचे, मग त्याच्या वरच्याला, असे चढत जायचे. १० गिगाबिटच्या दुव्यावर तिघांची मागणी २, ४ आणि ८ गिगाबिट आहे. समान वाटा ३.३३ होतो. पहिल्याला दोनच हवेत, ते त्याला पूर्ण द्या. उरलेले ८ दोघांत वाटा, प्रत्येकी ४. दुसऱ्याची गरज भागली, तिसऱ्याला ८ च्या जागी ४ मिळाले. यापेक्षा कोणाला जास्त द्यायचे तर त्याच्याइतके किंवा त्याहून कमी मिळणाऱ्याचे काढावे लागेल, म्हणून वाटप येथे थांबते. प्रत्यक्ष स्विचमध्ये हे घडवून आणणारी न्याय्य रांगांची पद्धत १९८९ मध्ये अ‍ॅलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी मांडली. तिचे तत्त्व साधे आहे. प्रत्येक वाटेकऱ्याची रांग वेगळी ठेवायची, आणि प्रत्येक रांगेतून आळीपाळीने एकेक बिट सोडला असता तर ज्या क्रमाने पॅकेट पूर्ण झाले असते त्या क्रमाने ते बाहेर सोडायचे. रांगांना भार दिला की तीच पद्धत पैशांच्या प्रमाणातले वाटप करते.

वाटप किती न्याय्य झाले हे मोजण्यासाठी राज जैन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दिलेला निर्देशांक आजही वापरला जातो. सर्वांच्या वाट्यांची बेरीज करून तिचा वर्ग करायचा, आणि वाट्यांच्या वर्गांच्या बेरजेला वाटेकऱ्यांच्या संख्येने गुणून त्या गुणाकाराने भागायचे. सगळे समान असतील तर उत्तर १ येते. एकाने ८ आणि दोघांनी प्रत्येकी १ घेतला तर ०.५१ येते. वरच्या उदाहरणात, २, ४ आणि ४ या वाटपात, ते ०.९३ येते. येथे जपून राहावे लागते. ०.९३ म्हणजे कोणावर तरी थोडा अन्याय झाला असे नव्हे. पहिल्याने मागितलेच कमी. निर्देशांक नुसत्या वेगावर न लावता हक्काच्या वाट्याशी असलेल्या गुणोत्तरावर लावला तरच त्याला अर्थ राहतो. अहवालात हा आकडा छापताना ही गोष्ट हमखास सुटते.

तीन अपेक्षा, ज्या एकत्र नांदत नाहीत

वाटपाकडून भाडेकरू आणि मालक मिळून तीन गोष्टी मागतात. गर्दी कितीही असो, अमुक इतका वेग मिळेलच अशी किमान हमी हवी. जो जास्त पैसे भरतो त्याला त्या प्रमाणात जास्त मिळावे. आणि रिकामी क्षमता पडून राहू नये, ज्याला हवी आहे त्याने ती घ्यावी. तिन्ही मागण्या रास्त आहेत. २०१२ मध्ये लुसियन पोपा आणि सहकाऱ्यांनी फेअरक्लाउड या शोधनिबंधात दाखवले की त्या तिन्ही एकत्र पूर्ण करता येत नाहीत. त्यांचा युक्तिवाद पुरता समजून घेण्यासारखा आहे, म्हणून माझ्या आकड्यांनी मांडतो.

दोन भाडेकरू घ्या. पहिल्याची २ यंत्रे, दुसऱ्याची ८, प्रत्येक यंत्राचे भाडे सारखे. पहिल्याचे एक यंत्र आणि दुसऱ्याचे एक यंत्र एकाच पेटीत बसले आहेत आणि पेटीची केबल १ गिगाबिटची आहे. पहिल्याचे यंत्र आपल्या जोडीदाराशी बोलते, दुसऱ्याचे आपल्या उरलेल्या सातांशी. पैशांच्या प्रमाणात वाटायचे तर केबलचा पाचवा हिस्सा, म्हणजे २०० मेगाबिट, पहिल्याला मिळतील. आता दुसऱ्याने आणखी यंत्रे घेऊन संख्या ३८ केली. पहिल्याचा हिस्सा चाळिसात दोन, ५० मेगाबिट. दुसऱ्याने आणखी घेतली तर तो आणखी घटेल. पहिल्याने काही केले नाही, त्याच्या पेटीत नवे कोणी आले नाही, तरी त्याचा वेग शून्याकडे सरकत राहतो. प्रमाणबद्धता पाळली की हमी संपते. हमी पाळायची तर त्या पेटीत दोनच यंत्रे आहेत म्हणून प्रत्येकाला ५०० द्यावे लागतील, आणि मग ३८ यंत्रांचे पैसे भरणारा विचारेल की माझ्या जास्तीच्या पैशांचे काय.

प्रमाणबद्धता आणि रिकामी क्षमता वापरणे यांच्यातही असेच वैर आहे. भाडेकरूचा संपूर्ण जाळ्यातला एकूण वापर पैशांच्या प्रमाणात ठेवायचा असे ठरवले, आणि त्याने एखाद्या ओस पडलेल्या दुव्यावरून थोडी माहिती पाठवली, तर त्याचा एकूण वापर वाढला म्हणून गर्दीच्या दुव्यावरचा त्याचा वाटा कापावा लागतो. शहाणा भाडेकरू मग मोकळा दुवा वापरतच नाही. कोणाचे काही घेत नसलेल्या माणसाला दंड करणारा नियम टिकत नाही.

तिघांतून दोन निवडायच्या तर किमान हमी आणि रिकाम्या क्षमतेचा पूर्ण वापर या दोन निवडाव्यात, हे माझे मत. बँकेच्या शाखेला, रुग्णालयाला, परीक्षा विभागाला शेजाऱ्याच्या तुलनेत आपण कोठे आहोत याच्याशी कर्तव्य नसते. आपले काम अडणार नाही एवढे त्यांना हवे असते. पैशांचे प्रमाण हमीच्या आकड्यातच सांभाळता येते. जास्त हमी हवी तर जास्त भरा. गर्दीच्या वेळी प्रमाण मोजत बसण्याची गरज उरत नाही.

हमी कोणत्या भाषेत द्यायची हाही प्रश्न आहे. प्रत्येक यंत्राकडून प्रत्येक यंत्राकडे किती, असा तक्ता मागितला तर ५० यंत्रांसाठी २,४५० आकडे द्यावे लागतात, आणि ते कोणालाच ठाऊक नसतात. निक डफील्ड आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सुचवलेल्या होझ प्रतिमानात प्रत्येक यंत्रामागे फक्त दोन आकडे लागतात, किती बाहेर जाईल आणि किती आत येईल. जणू सगळी यंत्रे एका काल्पनिक स्विचला जोडलेली आहेत. भाडेकरूला हे सहज सांगता येते. अवघड भाग मालकाकडे जातो, आणि तो तेथेच असायला हवा.

तो भाग म्हणजे यंत्रे बसवायची कोठे. २०११ मध्ये हितेश बल्लानी आणि सहकाऱ्यांनी ऑक्टोपस या प्रणालीत याचे नेमके गणित दिले. ५० यंत्रे, प्रत्येकाला १०० मेगाबिटची हमी. १० एका रॅकमध्ये आणि ४० बाहेर असली, तर रॅकच्या वरच्या दुव्यावर किती राखून ठेवायचे? दोन बाजूंपैकी लहान बाजूइतके, म्हणजे १० गुणिले १००, एकूण १ गिगाबिट. ४५ आत आणि ५ बाहेर असली तर ५०० मेगाबिट पुरतात. २५-२५ अशी बसवली तर अडीच गिगाबिट लागतात. भाडेकरू तोच, हमी तीच, आणि जागा बदलल्याने खर्च पाचपट. म्हणून बँडविड्थच्या वाटपाची सुरुवात यंत्राला जागा देतानाच होते. सगळी पन्नास एकाच रॅकमध्ये घातली तर वरचा दुवा पूर्ण मोकळा राहील, पण त्या रॅकचा स्विच गेला की सगळेच बंद. या दोन गरजांचा तोल मालकाने राखायचा असतो.

नियम पाळायला लावणे

वेगाला मर्यादा घालण्याचे सर्वांत प्रचलित साधन म्हणजे टोकन बकेट. ठरलेल्या गतीने टोकन जमा होत राहतात, पॅकेट पाठवायचे तर तेवढे टोकन खर्चावे लागतात, आणि साठवणीला एक कमाल मर्यादा असते. गती १०० मेगाबिट आणि साठवण १० मेगाबाइटची असेल, केबल १ गिगाबिटची असेल, तर शांत बसलेले यंत्र सुरुवातीला पूर्ण १ गिगाबिटने पाठवू शकते. साठवण सुमारे ८९ मिलिसेकंदांत संपते आणि वेग १०० वर येतो. छोट्या वेगचाचणीचा आकडा आणि दिवसभराचा अनुभव यांत जे अंतर पडते, त्याचे एक कारण हे आहे. साठवण मोठी ठेवली की हा अंतराल मिनिटांचा होतो. अ‍ॅमेझॉन आपल्या लहान यंत्रांसाठी वेग अमुक गिगाबिट ‘पर्यंत’ असे लिहिते. त्याच्या मागे पायाभूत वेग आणि साचवलेले क्रेडिट हीच व्यवस्था आहे, आणि कंपनीने ती आपल्या दस्तऐवजात उघड मांडली आहे. ग्राहक तो मोठा आकडा वाचतो आणि पायाभूत आकडा शोधत नाही. दोष वाचणाऱ्याचा म्हणता येणार नाही, पण नुकसान त्याचेच होते.

नुसती मर्यादा घातली की रिकामी क्षमता वाया जाते. म्हणून मर्यादेच्या जोडीला उसनवारी लागते. लिनक्समधल्या एचटीबी या साधनात प्रत्येक वर्गाला दोन आकडे देतात, हक्काचा वेग आणि कमाल वेग. हक्काचा वेग कोणी हिरावू शकत नाही. त्याच्या वर, कमाल वेगापर्यंत, इतरांनी न वापरलेले उसने घेता येते. मूळ मालकाला गरज पडली की उसने परत द्यावे लागते. हे साधन फुकट आहे, साध्या संगणकावर चालते आणि कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उभे करता येते. क्लाउड कंपन्यांच्या महागड्या प्रणाली त्याच दोन आकड्यांचा व्याप सांभाळतात.

मर्यादा कोठे लावायची? मधल्या स्विचमध्ये रांगा मोजक्याच असतात, हजारो भाडेकरूंना त्या पुरत नाहीत. म्हणून काम कडेला, प्रत्येक पेटीतल्या हायपरव्हायझरकडे सोपवतात. मात्र कडेला बसलेल्या पाठवणाऱ्याला घेणाऱ्याच्या दारातली गर्दी दिसत नाही. वीस पेट्यांतून प्रत्येकी ५०० मेगाबिट निघाले, प्रत्येक जण आपल्या मर्यादेत आहे, आणि ते सगळे १ गिगाबिटच्या एकाच दारावर येऊन आदळले, तर दहापट गर्दी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयक्यू आणि इलास्टिकस्विच या दोन प्रणालींनी हाच दुवा जोडला. घेणाऱ्या बाजूचा हायपरव्हायझर आपली हमी पाठवणाऱ्यांत वाटून त्यांना उलट निरोप देतो. इलास्टिकस्विचमध्ये त्यापुढे हमीच्या वरचा वेग गर्दी पाहत पाहत वाढवला जातो. मधल्या स्विचला यातले काही कळण्याची आवश्यकता नसते.

मोजमापातले दोन बारकावे व्यवहारात फार छळतात. व्हीएक्सलॅन प्रत्येक पॅकेटला ५० बाइटचे वेष्टण घालते. १,४५० बाइटच्या पॅकेटवर हा भार ३.३ टक्के पडतो, कोणाला जाणवतही नाही. ६४ बाइटच्या पॅकेटवर मात्र वाहिलेल्या ११४ पैकी ४४ टक्के वेष्टणच असते. लहान निरोपांची ये-जा जास्त असलेल्या संस्थेचा वेग वेष्टणासकट मोजला जातो की वेष्टणाविना, याने मोठा फरक पडतो. दुसरा बारकावा असा की बिट मोजून भागत नाही, पॅकेटही मोजावी लागतात. १० गिगाबिटची केबल मोठ्या पॅकेटांनी भरली तर सेकंदाला सुमारे ८ लाख १३ हजार पॅकेट होतात. लहानात लहान पॅकेटांनी भरली तर १ कोटी ४९ लाख. आभासी स्विच प्रत्येक पॅकेटमागे प्रोसेसरचा वेळ खातो, त्यामुळे दुसऱ्या स्थितीत केबल मोकळी असतानाच स्विच थकतो. हे टाळण्यासाठी एसआर-आयओव्ही या तंत्राने यंत्राला थेट कार्डाशी जोडतात. मग हायपरव्हायझर मधून बाजूला होतो, आणि वाटपाचा नियमही कार्डातच बसवावा लागतो.

विलंबाचा हिशेब निराळा ठेवावा. १०० मेगाबिटच्या वाटेवर १ मेगाबाइटची रांग साचली तर शेवटच्या पॅकेटला ८० मिलिसेकंद थांबावे लागते. दूरस्थ तपासणी करणाऱ्या डॉक्टरला किंवा ऑनलाइन तोंडी परीक्षा घेणाऱ्याला वेगापेक्षा ही थांबणूक जास्त नडते. लांब रांगा ठेवून गळती टाळण्याची जुनी सवय सोडली पाहिजे. जानेवारी २०१८ च्या आरएफसी ८२९० मधली एफक्यू-कोडेल पद्धत प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवते आणि पॅकेट फार वेळ थांबू लागले की गर्दीची सूचना लवकर देते. लिनक्समध्ये तीही उपलब्ध आहे.

आपल्या आवारात

मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारने ५,९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कला मंजुरी दिली, आणि विद्यापीठांना १ गिगाबिटच्या जोडण्या मिळू लागल्या. त्या वेळी हा आकडा प्रचंड वाटला होता. आज एका वसतिगृहातले मोबाइल तो संध्याकाळी सहज गिळतील. म्हणून १ गिगाबिटवर चालणाऱ्या एखाद्या महाविद्यालयाची कल्पना करून हक्काचे वेग लिहू : परीक्षा आणि कार्यालय ३००, प्रयोगशाळा २५०, वसतिगृह २००, ग्रंथालय १५०, कॅमेऱ्यांची साठवण १००. बेरीज १,००० भरली पाहिजे, त्याच्या वर जाता कामा नये, नाहीतर हमीचा शब्द खोटा ठरतो. कमाल वेग कॅमेऱ्यांखेरीज सर्वांना १,००० ठेवावा. रात्री अकराला कार्यालय आणि प्रयोगशाळा झोपलेल्या असतात, तेव्हा वसतिगृहाने खुशाल ७००-८०० घ्यावेत. निकालाच्या सकाळी कार्यालय जागे झाले की ३०० त्याला तत्क्षणी परत मिळतात. वसतिगृहावर सरसकट बंदी घालणारे प्राचार्य मला अनेकदा भेटतात. त्यांची काळजी खरी असते, पण बंदीने वाचलेली बँडविड्थ रात्रभर रिकामी पडते आणि मुलांचा अभ्यासही अडतो.

कोणते काम थांबू शकते हे ओळखणे या सगळ्यांत फायद्याचे आहे. गूगलने आपल्या डेटा केंद्रांना जोडणाऱ्या बी-फोर या जाळ्याची माहिती २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. तेथे प्रवाहांचे तीन गट केले होते, आणि ज्या गटाचा आकार सर्वांत मोठा त्याचीच निकड सर्वांत कमी होती. केंद्रीय नियंत्रण ठेवून, मोठ्या पण सोशिक प्रवाहांना मागे सारून, त्यांनी दुव्यांचा वापर दीर्घकाळ सरासरी ७० टक्क्यांवर नेला. असे दूरचे दुवे एरवी ३०-४० टक्क्यांवरच चालवले जात. आपल्याकडेही सर्वांत जड प्रवाह कॅमेऱ्यांच्या चित्रफिती, बॅकअप आणि सॉफ्टवेअरचे अद्ययावतीकरण यांचे असतात, आणि पहाटे तीनपर्यंत थांबायला त्यांची काही हरकत नसते.

पुराची तयारीही वाटपातच मोडते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन बंद पडला. रस्त्याच्या कडेने जाणारी केबल, पाण्यात गेलेले वीजकेंद्र, डिझेल न पोहोचलेले जनित्र, यांपैकी काहीही जोडणी तोडू शकते. दोन लाइनपैकी एक गेली आणि १,००० चे ३०० उरले, तर वर लिहिलेले सगळे आकडे निरर्थक होतात. त्या दिवसासाठी दुसरा तक्ता आधीच लिहून ठेवावा : रुग्णालयात रुग्णांच्या नोंदी आणि संपर्क, बँकेत व्यवहार, महाविद्यालयात कार्यालय. बाकीचे शून्य. पाणी चढत असताना हा वाद घालायला कोणाला सवड नसते.

शेवटी कराराविषयी. सेवा देणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. हमीचा आकडा किती आणि तो दोन्ही दिशांना आहे का? तो सेकंदाला मोजला जातो की तासाच्या सरासरीवर? माझ्यासोबत त्याच दुव्यावर विकलेल्या हमींची बेरीज दुव्याच्या क्षमतेत बसते का? पहिल्या दोन प्रश्नांना नेमके उत्तर न देणाऱ्याकडून लाइन घेऊ नये. तिसऱ्याचे उत्तर सहजी मिळणार नाही, तरी विचारावे. आपल्या संस्थेत मात्र हा विषय संगणक विभागाच्या तंत्रज्ञावर सोडू नका. कोणत्या विभागाची हमी किती हा निर्णय संचालक मंडळाचा आणि प्राचार्यांचा आहे. पुढच्या बैठकीत तो लेखी ठराव म्हणून मांडा, आणि लाइन वाढवण्याचा प्रस्ताव त्यानंतरच मंजुरीला आणा.